रकाना चौथा : मूळ

२ मार्च

हाडांत गेलाय.

स्कॅनच्या कागदावर बाबांचा अख्खा सांगाडा उभा होता. कण्यावर तीन काळे ठिपके, खुब्यावर एक मोठा, डाव्या बरगडीवर दोन. डॉक्टर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक दाखवत होते, शाळेत नकाशावर गावं दाखवतात तसे. "प्रोस्टेटमधून निघालाय. हे कालपरवाचं नाही, दोन-तीन वर्षं तरी आत बसून असेल."

बाबा खुर्चीत ताठ. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाट्या रंगवता येतील ना?"

अडुसष्ट वर्षं वय, हाडं पोखरलेली, आणि माणूस पाट्यांचं विचारतोय! दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला त्यांचा. आता सगळे छापून घेतात, तरी महिन्याकाठी एखादं जुनं गिऱ्हाईक येतंच.

"शिडीवर चढायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग खालच्या ओळी रंगवीन."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मला एकच आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्याच रुग्णालयाच्या शिबिरात बाबांनी रक्त दिलं होतं. प्रोस्टेटसाठी रक्तातला पीएसए तपासला होता. छापील पत्र आलं होतं घरी : काळजीचं कारण नाही, दोन वर्षांनी पुन्हा यावे. दोन वर्षांनी ते गेले नाहीत. मीही आठवण केली नाही. आणि मी नोकरी करते ती त्याच रुग्णालयाच्या कर्करोग नोंदणी विभागात! दिवसभर लोकांचे आजार संगणकात भरते. दिव्याखालच्या अंधारात नेमका माझाच बाप बसला होता.

४ मार्च

दादाकडे गेले होते. सांगितलं. तो मोबाइलची काच शर्टाला पुसत राहिला. रडू आवरायचं असलं की तो काहीतरी पुसतो. लहानपणापासूनची खोड.

मग सावरला. सावरल्यावर दादा नेहमीचा.

"वय झालंय गं त्यांचं. होतं म्हातारपणी."

"डॉक्टर म्हणाले, मुलाने तपासून घ्यावं. तुला शेहेचाळीस चालू आहे."

"मी ठणठणीत आहे! आणि आपल्यात कुणाला होतं हे? कुणालाही नाही. हे बेटवाल्यांचं दुखणं. माझ्या साइटवरचे दोघं गेले असेच, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. त्यांच्या रक्तातच आहे ते."

बेटवाले. हा शब्द या शहरात सगळेच वापरतात, मीही वापरत आले. यांच्या पणज्या-खापरपणज्यांना कुठल्या तरी दूरच्या खंडातून जहाजात कोंबून बेटांवर नेलं, मग बेटांवरून इथं गोदीत कामाला आणलं. चार पिढ्या झाल्या. अजून ते गोदीमागे राहतात आणि अजून आपण त्यांना बेटवालेच म्हणतो. दादा बांधकामांची कंत्राटं घेतो. त्याची निम्मी माणसं तिकडची. त्यांच्याशी बोलताना त्याचा आवाजच वेगळा होतो.

वहिनी आतून म्हणाली, "घ्या की तपासून! तासाला दोनदा तर मोरीत जाता."

"पाणी पितो म्हणून जातो."

"पाणी मीपण पिते."

"तू गप्प गं. उगाच कुणाच्या हातात जाऊन आडवं पडायचं, भलतीकडे बोटं घालून घ्यायची, आणि निघायचं काय, तर काही नाही!"

वहिनी हसली, मीही हसले. घरी येताना मात्र तो तासाला दोनदाच डोक्यात राहिला.

७ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

बाबांना जनुक विभागात बोलावलं होतं. तिथल्या समुपदेशक बाई माझ्या ओळखीच्या. बारीक आवाजाच्या, फार सावकाश बोलतात. घराण्याचा आराखडा काढतात त्या : पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. सोबत आत्याला आणलं होतं, कारण जुनं तिलाच आठवतं. बाबांहून सहा वर्षांनी मोठी, कानाने अधू, म्हणून घर हादरेल असं बोलते.

आजोबांची बाजू झाली. बाईंनी आजीचा गोल काढला. "यांचे भाऊ-बहीण?"

बाबा म्हणाले, "तिला माहेर नव्हतं. पोरकी होती."

हेच वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. आजीला माहेर नव्हतं. कधी प्रश्नच पडला नाही. असतात काही माणसं पोरकी.

आत्याला वाटलं, तिलाच विचारलंय. "अरे, नव्हतं कसं? दोन मामा होते की! थोरला तुला खांद्यावर घेऊन गोदीवर जहाजं दाखवायचा. दोघंही एकाच दुखण्याने गेले. कंबर धरून धरून. लघवी अडायची बिचाऱ्यांची."

"आक्का, गप्प बस."

"काय?"

"गप्प बस म्हटलं!"

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी आवाज न चढवता आत्याला विचारलं, "मामा कुठले होते?"

आत्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"गोदीमागचे."

नंतर बाहेरच्या बाकावर तिने सगळं सांगितलं. आजी बेटवाली. आजोबा गोदीत हिशेबनीस होते, तिथं ओळख झाली. लग्न केलं, तिचं नाव बदललं, दुसऱ्या गावच्या गोदीत बदली मागून घेतली. मामा चोरून भेटायला यायचे, मागच्या दाराने. पुढं तेही बंद झालं. "आणि आपल्या घरातला तो आजीचा फोटो?" मी विचारलं. फोटोतली आजी खडूसारखी पांढरी आहे. आत्या म्हणाली, "फोटोवाल्याला तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं तसं करायला. तिने एकदाच पाहिला तो. म्हणाली, ही बाई छान आहे, कोण आहे?"

बाबांना गाडीत बसवलं. घरी आणलं.

८ मार्च

कामावर गेल्या गेल्या पहिली गोष्ट केली ती नियमात बसणारी नव्हती. शिबिराच्या यादीत बाबांच्या पत्रावरचा क्रमांक टाकला.

वय ६५. पीएसए ३.१. रकाना चौथा, मूळ : १.

एक म्हणजे इथले. दोन म्हणजे बेटावरचे. तीन म्हणजे इतर.

आमच्या शिबिराचा नियम मला झोपेतसुद्धा म्हणता येईल. एकवाल्यांना चारच्या वर गेलं तर बोलावायचं. दोनवाल्यांना अडीचच्या वर, कारण त्यांच्यात हा आजार जास्त, आणि तो लवकर येतो. ३.१! दोनवर खूण असती तर आठवड्यात फोन गेला असता, बायॉप्सी झाली असती, आणि तेव्हा तो ग्रंथीच्या आतच सापडला असता. एकवर होती, म्हणून छापील पत्र गेलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या आईला दडवायचं म्हणून माणूस स्वतःच्या मरणावर खूण करतो? कोण बघणार होतं तो कागद? ना शेजारी, ना दादाचे कंत्राटदार मित्र. कुणी परका कारकून बघणार, आकडा टाकणार आणि विसरणार. त्या परक्यापुढेही खरं बोलवेना?

घरी आले. बाबा खिडकीशी बसून ब्रश धूत होते. मी सरळ विचारलं. "फॉर्मवर खोटं का लिहिलंत?"

त्यांनी वर पाहिलं. मी चिडतील म्हणून तयार होते, पण ते चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मला नाव देता येत नाही.

"तू विचारतेस मला?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा ब्रश धुऊ लागले. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

तू विचारतेस मला! म्हणजे मी कोण टिकोजीराव लागून गेले विचारणारी! बापाला जाब विचारायचा नाही. मरायला टेकले तरी तोरा तोच.

९ मार्च

बोलले नाही त्यांच्याशी. सूप करून ठेवलं. खाल्लं का ते पाहिलंही नाही. (पाहिलं. अर्धं खाल्लं.)

१२ मार्च

बाबांच्या जनुक तपासणीचा तातडीचा अहवाल आला. समुपदेशक बाईंनी मला एकटीला बसवून समजावलं.

एक बदल सापडलाय. त्यापुढे लिहिलंय : अर्थ अनिश्चित.

"म्हणजे?"

"म्हणजे हा बदल वाईट आहे की निरुपद्रवी, ते सांगायला आमच्याकडे पुरेशा माणसांची माहिती नाही. जगात ज्यांच्या रक्तावरून हे तक्ते बनले, ते बहुतेक एकाच प्रकारचे लोक आहेत. तुमच्या आजीच्या लोकांचं रक्त फारसं कुणी गोळाच केलं नाही."

मी हसले. वाईट हसले. जहाजात कोंबताना मोजून घेतलं होतं त्यांना, डोकी मोजली होती. रक्त मोजायच्या वेळी मात्र कुणाला आठवण नाही!

त्या म्हणाल्या, एखादाच जनुक बिघडला आणि आजार झाला असं फार थोड्यांत असतं. बहुतेकांत शेकडो बारीकसारीक फरक असतात. एकेकटा किरकोळ. काही लोकांत त्यातले जास्त एकत्र येतात, काहींत कमी, म्हणून जोखीम वेगळी. "पण बेटवाले म्हणजे काही एकच रक्त नव्हे. गोदीमागच्या दोन शेजाऱ्यांतही पुष्कळ फरक असतो. आणि सगळं रक्तावर ढकलून चालत नाही. कोण उशिरा पोचतं, कुणाला परत बोलावलं जातं, कुणाचं दुखणं कोण ऐकून घेतं, तेही त्यात येतं."

"मग तो चौथा रकाना कशाला?"

"अंदाजाला. दुसरं काही हाताशी नसतं तेव्हा. खरं तर त्याहून मोठा प्रश्न साधा आहे : घरात कुणाला झालं होतं? दोन मामा, आता तुमचे वडील. तुमच्या भावाला आत्ताच तपासायला हवं. पुढच्या वर्षी नव्हे."

संध्याकाळी बाबांना म्हटलं, दादाला आजीबद्दल सांगते. त्याशिवाय तो हलणार नाही. आपल्यात कुणाला होत नाही म्हणून निवांत बसलाय.

"नाही सांगायचं."

"बाबा, त्याचा जीव —"

"तो त्या लोकांना काय म्हणतो ऐकलंयस ना? उद्या माझ्या आईला म्हणेल. मी डोळ्यांदेखत ऐकून घेणार नाही. मी गेल्यावर सांग."

"म्हणजे कधी? तारीख द्या, डायरीत लिहून ठेवते!"

तोंडातून गेलं. गेलं ते गेलं. बाबांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. नळ कशासाठी सोडला? घरात तिसरं आहे कोण?

१५ मार्च

दादाला फोन. "बघू गं पुढच्या महिन्यात. स्लॅब पडायचाय."

१८ मार्च

बाबांची नोंद दुरुस्त करायची, तर मूळ कागद लागतो. डॉक्टरांची सही घेतली आणि तळघरात गेले.

तळघरात शिबिराचे फॉर्म शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत बांधलेले आहेत. वर ट्यूबलाइट, एक चालू, एक फडफडणारी. रखवालदार म्हणाला, "ताई, इथं कुणी येत नाही, उंदीरसुद्धा कंटाळून गेले." सातवा गठ्ठा सोडला. फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक. नाव वेगळ्या यादीत ठेवतात, म्हणजे आम्हा कारकुनांना कुणाचं काही कळू नये. सत्तावन्नावा कागद. सापडला.

मी उभीच होते. मग खाली बसले, गठ्ठ्यावरच.

चौथ्या रकान्यात दोन खुणा आहेत. एकवर आणि दोनवर. दोन्ही सारख्याच जोरकस — खाली उतरताना जाड, वर जाताना बारीक, पाटीवरची रेघ ओढावी तशा. आणि फॉर्मच्या तळाशी, जिथं 'इतर काही सांगायचे असल्यास' असं छापलेलं असतं आणि जिथं कुणीच काही लिहीत नाही, तिथं बाबांच्या सुबक अक्षरात दोन ओळी :

'माझी आई बेटावरची होती. तिचे दोघे भाऊ याच दुखण्याने गेले.'

खोटं लिहिलं नव्हतं. सगळं लिहिलं होतं. विचारलं त्याहून जास्त.

मग एकच का भरलं गेलं?

कारण संगणकात चौथ्या रकान्याला एकच आकडा बसतो. दोन खुणा असल्या तर पहिली घ्यायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. कुणी लिहून दिलेला नाही, एकीने दुसरीला सांगितलेला. आणि तळाच्या ओळींसाठी संगणकात जागाच नाही, म्हणून त्या वाचायच्या नाहीत. वाचत बसलं तर दिवसाला साठ फॉर्म कसे होणार?

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, ज्याने नोंद केली त्याने आद्याक्षर घालायचं असतं.

माझं आहे.

१९ मार्च

रजा टाकली. कारण लिहिलं : पोटदुखी.

२० मार्च

गेले. मॅडमपुढे — आमच्या विभागप्रमुख — कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "अक्षर काय सुरेख आहे हो!"

मी सांगितलं, कुणाचं आहे.

त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला. मग जे बोलल्या ते त्यांना बोलणं भागच होतं, मला कळतं. "तुम्ही नियमाप्रमाणेच केलंत. रकाना एकच आहे. तुमची चूक नाही ही."

"मग कुणाची?"

"रचनाच तशी आहे."

रचना! रचनेला बाप नसतो. रचना संध्याकाळी घरी जाऊन सूप करत नाही.

शेजारच्या टेबलावरचा आमचा घड्याळ — पाचच्या ठोक्याला उठतो म्हणून हे नाव — त्याने सगळं ऐकलं असणार. पाच वाजले, सव्वापाच झाले, हा उठेना. शेवटी म्हणाला, "किती असतील गं असे? दोन खुणांचे?"

"माहीत नाही."

"चल, बघू."

दोघांनी मिळून तळघरातले बारा गठ्ठे वर आणले. सहा त्याने, सहा मी. एक हजार एकशे चाळीस फॉर्म. आजच्यात चारच झाले.

२१ मार्च

एकेचाळीस. एकेचाळीस माणसांनी दोन खुणा केल्यात. त्यातल्या नऊ जणांचा आकडा अडीच ते चारच्या मधला — बाबांसकट. आठ जणांना फोन करायला मॅडमनी परवानगी दिली. तीन नंबर बंद आहेत. एका घरी बाईने उचलला. मी सांगितलं कुठून बोलतेय, कुणाशी बोलायचंय. ती म्हणाली, "ते गेले की मागच्या वर्षी." मी माफ करा म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही काय केलंत?"

एकेचाळीसपैकी सव्वीस फॉर्मांवर माझं आद्याक्षर आहे.

२३ मार्च

बाबांना विचारलं नाही. परवानगी मागायची लायकी उरली नव्हती माझी, आणि ते नाही म्हणाले असते. फॉर्मची छायाप्रत घेऊन सरळ दादाच्या साइटवर गेले.

सिमेंटच्या गोण्यांवर बसून त्याने वाचलं. एकदा, मग पुन्हा. बाबांचं अक्षर. त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती.

"कुणाची थट्टा चाललीय ही?"

"आत्याला विचार."

"आत्या काय, बहिरी आहे. काहीही ऐकते, काहीही सांगते."

"दादा, हे आत्याने लिहिलेलं नाही."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "शेठ, पाणी सोडू का?" तिकडचाच एक माणूस होता. आमच्याच वयाचा. दादाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की तो बिचारा गांगरला. "सोडू ना शेठ?"

"सोड."

मग माझ्याकडे वळला. आवाज खाली, दात आवळलेले. "माझ्या पोरींना कळता कामा नये. तुझ्या वहिनीला कळता कामा नये. बाहेर एक अक्षर बोललीस तर मला बहीण नाही."

"नाही बोलणार. तू रक्त दे फक्त."

"जा तू."

छायाप्रत परत दिली नाही. घडी घालून खिशात ठेवली. मी फाटकापर्यंत आले तेव्हा मागे वळून पाहिलं. तो गोणीवरच होता, आणि मोबाइलची काच पुसत होता.

२६ मार्च

दादाने आमच्याच रुग्णालयात रक्त दिलं! मला सांगितलं नाही. वहिनीचा फोन आला, "अगं, स्वतःहून गेले, सूर्य कुठून उगवला?" जीव भांड्यात पडला.

२७ मार्च

फार लवकर पडला.

दुपारी दादाचा फॉर्म माझ्याच टेबलावर आला. क्रमांकावरून कळलं नसतं. वय, उंची आणि अक्षर — कोंबडीचे पाय. बापाचं अक्षर याच्यात कसं उतरलं नाही, देव जाणे.

चौथा रकाना : एक. फक्त एक. खूण इतकी दाबून केलीय की कागद मागून उठलाय. घरात कुणाला झालं होतं? नाही. वडिलांनाही नाही! बाप घरात हाडं धरून झोपलाय आणि हा लिहितो, नाही.

पीएसए २.९.

म्हणजे छापील पत्र. काळजीचं कारण नाही. दोन वर्षांनी पुन्हा यावे.

मी पंधरा मिनिटं त्या कागदाकडे पाहत बसले. लिहिलेलं असेल ते भरायचं, हे माझं काम. मी काही कुणाच्या रक्ताची मालकीण नाही. माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते त्याने ठरवायचं, हे मला पटतं. खरंच पटतं. दादाला मी विचारलं असतं तर तो हेच म्हणाला असता.

मी दोन भरलं. घरातल्या आजाराला होय. कोपऱ्यात आद्याक्षर घातलं, नेहमीपेक्षा मोठं. मग मॅडमकडे गेले आणि काय केलं ते सांगितलं. म्हटलं, काढायचं तर काढा मला.

मॅडमनी फॉर्म हातात घेतला. "वडिलांचं निदान आपल्याच नोंदीत आहे. तेवढ्यावरच यांना बोलावता येईल. तुम्ही चौथ्याला हात लावायची गरजच नव्हती." आणि त्यांनी तो रकाना पुन्हा एक केला. माझ्यासमोर.

खरं होतं त्यांचं. गरज नव्हती. मग मी तिथं का हात घातला? दादाला वाचवायला, की त्याच्यावर बेटवाल्याचा शिक्का मारायला? उत्तर मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

३१ मार्च

दादाचा एमआरआय झाला. एक डाग आहे. लहान, ग्रंथीच्या आत. बायॉप्सी सोमवारी. डॉक्टर म्हणाले, असलंच काही तर अगदी वेळेवर आलात.

त्याने फोनवर मला एवढंच सांगितलं, "झालं तुझं समाधान?" आणि ठेवून दिला. लगेच पुन्हा केला. "बाबांना नको सांगूस. खचतील." पुन्हा ठेवला.

या घरात सगळे एकमेकांना न सांगून जपतात.

२ एप्रिल

बाबांचं दुखणं आज कमी होतं. गोळी लागू पडलीय. मी मन घट्ट केलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बाबा, मी वाचलंच नव्हतं. हजार कागद होते, मी फक्त आकडे भरले. खाली तुम्ही काय लिहिलंय ते मी बघितलंच नाही. कोपऱ्यातलं अक्षर माझं आहे.

त्यांनी कागद घेतला, लांब धरून पाहिला.

"बघितलंच नाहीस?"

"नाही."

"मला ठाऊक होतं कागद तुझ्याकडे येणार. म्हणून तर लिहिलं. तोंडाने सांगायला जमेना." कागदाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "मग तू काहीच बोलली नाहीस. महिना गेला, वर्ष गेलं. मला वाटलं, तुला लाज वाटली आजीची. म्हटलं, नको पोरीपुढे पुन्हा तो विषय काढायला."